शेऱ्याचा रकाना

"तेवढा एक रकाना गाळ ना," सुजाताताई म्हणाल्या. "बाकी सगळं जसंच्या तसं कर. एक रकाना नाही आला तर काय बिघडतं?"

आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर एक पिवळा पडलेला कागद होता. शाळा सोडल्याचा दाखला. उमरेडजवळच्या एका खेड्यातल्या शाळेने जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी दिलेला. घड्या पडून पडून तो चार तुकडे व्हायच्या बेतात होता, म्हणून कुणीतरी मागून चिकटपट्टी लावली होती. त्यावर छापील रकाने. विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, धर्म व जात, जन्मतारीख, जन्मस्थळ. यातल्या जन्मस्थळापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: मौजे पिंपळखेडी, तालुका उमरेड, जिल्हा नागपूर.

आणि सुजाताताई ब्रिटिश पासपोर्टसाठी अर्ज करत होत्या. त्यांचा जन्म इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन या गावात झाला, हा त्या अर्जाचा सगळा पाया होता.

मी टेक्सासमधल्या फ्रिस्को गावात एका छोट्या ट्रान्सलेशन ऑफिसमध्ये काम करते. आमच्याकडे स्पॅनिशचं काम सगळ्यात जास्त. मराठी, हिंदी आणि थोडं गुजराती माझ्याकडे येतं. जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, सातबारा, कोर्टाचे निकाल. आम्ही जे करतो त्याला सर्टिफाइड ट्रान्सलेशन म्हणतात. म्हणजे भाषांतराखाली मी सही करून लिहून देते की हे भाषांतर पूर्ण आहे आणि खरं आहे. लोकांचं लक्ष 'खरं' या शब्दाकडे जातं. आमच्या धंद्यात माणूस अडकतो तो बहुतेक वेळा 'पूर्ण' या शब्दावर.

"ताई, रकाना गाळला तर मला 'पूर्ण' असं लिहिता येणार नाही," मी म्हटलं.

"मावशी, दे वोन्ट इव्हन नोटिस," त्यांच्या शेजारी बसलेली तन्वी म्हणाली. तन्वी म्हणजे त्यांची मुलगी. डॅलसमध्ये नोकरी करते, आईचा ऑनलाइन अर्ज तिनेच भरला होता. "तिकडे कुणाला मराठी वाचता येतं?"

"येत असेल तर?"

तन्वीने दाखला हलकेच स्वतःकडे सरकवला.

आता हे प्रकरण इथवर कसं आलं ते सांगते.

सुजाताताईंचे वडील सखाराम लहानू गजभिये साठच्या दशकात वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका लोखंड ओतायच्या फाउंड्रीत कामाला गेले. मागून बायको आणि थोरली मुलगी विमल गेली. सुजाताताई तिथे जन्मल्या. त्या चार वर्षांच्या असताना आईला तिथली हवा सोसेना, म्हणून सगळं कुटुंब गावी परतलं. पुढे विमलताईंचं लग्न वुल्व्हरहॅम्प्टनच्याच एका ओळखीच्या घरात झालं आणि त्या पुन्हा तिकडे गेल्या. सुजाताताई नागपुरात शिकल्या, लॅब टेक्निशियन झाल्या, लग्नानंतर रामटेके झाल्या आणि नवऱ्याबरोबर अमेरिकेत आल्या. इथल्या नागरिक होऊनही त्यांना बरीच वर्षं झाली. नवरा गेला त्याला तीन वर्षं झाली होती.

१९८३ च्या आधी इंग्लंडमध्ये जन्मलेला माणूस जवळपास नेहमीच जन्माने ब्रिटिश असतो. आईवडील कोण, कुठले, याचा त्यात फारसा संबंध नाही. म्हणजे सुजाताताई आयुष्यभर ब्रिटिशच होत्या. फक्त त्यांनी त्याचा पुरावा कधी मागितला नव्हता. गरजच पडली नव्हती.

ती पडली विमलताईंमुळे. विमलताई सत्तरीच्या. नवरा नाही, मूलबाळ नाही. त्यांना स्ट्रोक आला. डावी बाजू लुळी पडली, ती हळूहळू सुधारत होती. पण एक गोष्ट परत आली नाही. त्यांचं इंग्रजी गेलं. चाळीस वर्षं तिथल्या शाळेच्या कॅन्टीनमध्ये इंग्रजीत काम केलेली बाई आता फक्त मराठी बोलत होती, तेही गावाकडचं. नर्सने पाणी हवं का विचारलं तर नुसती तोंडाकडे बघायची.

"मी फोनवर असते," सुजाताताईंनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "नर्स माझ्याशी बोलते, मी विमलशी बोलते, विमल मला सांगते, मी नर्सला सांगते. लॅबमध्ये ब्रेक मिळाला की आधी तोच फोन. तुझंच काम करते म्हण ना, मेघना."

विमलताईंना घरी पाठवायला हॉस्पिटल तयार होतं, पण घरात कुणीतरी कायमचं हवं होतं. अमेरिकन पासपोर्टवर पाहुणी म्हणून गेलं तर सहा महिने राहता येतं. सहा महिन्यांनी काय करायचं? कुणी नसेल तर विमलताईंना केअर होममध्ये ठेवणार होते. तिथली माणसं चांगलीच असतील, पण मराठी बोलणारं कोण असणार? म्हणून हा अर्ज.

मोठ्या माणसाचा पहिला ब्रिटिश पासपोर्ट म्हणजे नूतनीकरणासारखं सोपं काम नसतं. नूतनीकरणाला जुना पासपोर्ट तुमची ओळख सांगतो. पहिल्या वेळी तुम्हाला सिद्ध करावं लागतं की तुम्ही जन्मलात, आणि वर हेही की जी जन्मली ती तुम्हीच. जन्माचा मोठा दाखला लागतो, आईवडिलांची नावं असलेला. तुम्हाला किमान दोन वर्षं ओळखणारी, नात्यातली नसलेली एक व्यक्ती लागते, जी तुमचा फोटो ओळखून तसं सांगेल. सुजाताताईंच्या लॅबच्या मॅनेजरबाईंनी ते केलं. दुसऱ्या देशाच्या पासपोर्टच्या प्रत्येक पानाची रंगीत झेरॉक्स लागते, कोऱ्या पानांचीही. आणि नाव बदललं असेल तर प्रत्येक बदलाचा कागद.

घोटाळा नावातच होता.

सखारामजी विलायतेला गेले तेव्हा त्यांच्या पासपोर्टवर आडनावच नव्हतं. नुसतं 'सखाराम लहानू'. स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव. तिथल्या नोंदणी करणाऱ्या बाईंना वाटलं, शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. त्यामुळे तिकडच्या दाखल्यावर वडील झाले मिस्टर लहानू, आई मिसेस लहानू आणि मुलगी सुजाता लहानू. लहानू हे सुजाताताईंच्या आजोबांचं नाव. ते कधी नागपूरच्या पुढे गेले नव्हते.

भारतात पुढे प्रतिज्ञापत्रावर काम भागलं. अमेरिकेतही तेच प्रतिज्ञापत्र चाललं. ब्रिटिश पासपोर्ट ऑफिसने मात्र पत्र पाठवलं. पत्र सभ्य होतं आणि प्रश्न साधा होता. जन्माच्या दाखल्यातली सुजाता लहानू आणि लग्नाच्या दाखल्यातली सुजाता गजभिये या एकच, हे कशावरून? मोठेपणी स्वतःच केलेलं प्रतिज्ञापत्र पुरेसं नव्हतं. लहानपणीचा, त्या काळातला कागद पाठवा. मुदत सहा आठवडे.

सखारामजींचा जुना पासपोर्ट वाळवीने खाल्ला होता. लहानपणीचा म्हणून एकच कागद सापडला. हा दाखला. आणि त्याने मदत करायची सोडून नवीनच भांडण उभं केलं. त्यात आडनाव गजभिये होतं, लहानूचा पत्ता नव्हता, आणि वर जन्मस्थळ पिंपळखेडी.

त्या दोघी गेल्यावर मी ग्रेसकडे गेले. ग्रेस आमच्या ऑफिसची मालकीण. खरं नाव ग्रासिएला. तीस वर्षं कोर्टात स्पॅनिशची इंटरप्रिटर होती. तिला लांब बोललेलं आवडत नाही.

"कागदावर काय लिहिलंय?" तिने विचारलं.

"पिंपळखेडी."

"मग आपण काय लिहायचं?"

"पिंपळखेडी."

"उत्तर माहीत होतं तर माझ्याकडे कशाला आलीस?"

"त्या बाईंना ते तोंडावर सांगवत नाही म्हणून."

"ते भाषांतराचं काम नाही," ग्रेस म्हणाली. "त्यात मी तुला मदत करू शकत नाही."

जागेवर येऊन मी दाखला पुन्हा वाचला. या वेळी लिहिलेलं नाही, छापलेलं वाचलं. जन्मस्थळाच्या रकान्यात तीन शब्द छापलेले होते. गाव, तालुका, जिल्हा. प्रत्येकापुढे टिंबटिंब. देश लिहायला जागाच नव्हती. खेड्यातल्या शाळेला ती कशाला लागेल?

मग एक गोष्ट लक्षात आली, जी खरं तर पहिल्या दिवशीच यायला हवी होती. असे शेकडो दाखले मी भाषांतरित केलेत. दाखला हा मूळ कागद नसतोच. मूळ असतं ते शाळेचं जनरल रजिस्टर. मूल शाळेत घालताना त्यात नोंद होते, आणि शाळा सोडताना कारकून त्यातून दाखल्यावर उतरवून देतो. उतरवताना सगळं उतरवत नाही. छापील दाखल्यात बसेल तेवढंच उतरवतो.

मी सुजाताताईंना फोन केला. त्या लॅबमधून बाहेर पडून पार्किंगमध्ये गाडीत बसल्या होत्या.

"रजिस्टरचा उतारा मागवता येईल," मी म्हटलं. "शाळा अजून आहे?"

"आहे. पण मेघना, त्यातही पिंपळखेडीच असलं तर?"

"असू शकतं. मग आपल्या विरुद्ध एकाऐवजी दोन कागद होतील. आणि तुम्ही ते मला दिलेत तर दोन्ही मला पूर्ण करावे लागतील."

 मागे कुठेतरी गाडीचा हॉर्न वाजला.

"आज विमलनं मला काय विचारलं माहितीये?" त्या म्हणाल्या. "म्हणे, सुजा, इथल्या बायका माझ्याशी मोठ्यानं बोलतात. मी बहिरी झाले का गं?"

"मग काय करू या?"

"मागव," त्या म्हणाल्या. "नाही, मीच मागवते. मिलिंदला सांगते."

मिलिंद म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. नागपुरात असतो, वीज मंडळातून रिटायर झालाय. तो तीन वेळा शाळेत गेला. पहिल्या वेळी मुख्याध्यापिका ट्रेनिंगला गेल्या होत्या. दुसऱ्या वेळी कपाटाची किल्ली कुणाकडे आहे यावर चर्चा झाली. तिसऱ्या वेळी मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः खाली बसून गठ्ठे सोडले आणि ते रजिस्टर शोधून काढलं. त्यांनी सही-शिक्क्याचा उतारा दिला आणि मूळ पानाचा फोटोही काढू दिला. मुदतीतले तीन आठवडे तोवर संपले होते.

शनिवारी सकाळी सुजाताताई फोटो घेऊन माझ्या घरीच आल्या. "जय भीम" म्हणाल्या, चपला काढल्या, आणि चहा नको म्हणून सरळ डायनिंग टेबलाशी बसल्या. उतारा कुरियरने यायचा होता, पण फोटो स्वच्छ होता. मी लॅपटॉपवर मोठा करून लावला.

एका ओळीत एका मुलाची नोंद. ओळ दोन पानांवर पसरलेली. सुजाताताईंच्या ओळीत नावाच्या जागी निळ्या-काळ्या शाईत लिहिलं होतं: सुजाता सखाराम लहानू. मग 'लहानू' या शब्दानंतर काकपद घालून, वर बारीक अक्षरात, लाल शाईत: गजभिये. धर्माच्या जागी बौद्ध. जन्मतारीख इंग्लंडच्या दाखल्यावरचीच. पण जन्मस्थळ तेच, पिंपळखेडी.

सुजाताताईंनी डोळे मिटून घेतले.

"थांबा," मी म्हटलं. "ओळ संपली नाही."

उजव्या पानाच्या अगदी कडेला शेवटचा रकाना होता. शेरा. बहुतेक ओळींत तो रिकामा असतो, किंवा 'नाव कमी केले' एवढंच असतं. या ओळीत तो गच्च भरला होता, इतका की अक्षरं खालच्या मुलाच्या ओळीत उतरली होती. मी फोटो आणखी मोठा केला आणि मोठ्याने वाचलं.

"आडनाव वडिलांचे अर्जावरून दाखल केले. मुलीचा जन्म विलायतेत. वडील तेथे ओतकामाचे कारखान्यात होते."

खाली मुख्याध्यापकांची आद्याक्षरं. आणि त्याच्या शेजारी, पालकाची सही या शब्दांखाली, एकेक अक्षर सुटं काढलेलं: सखाराम ल. गजभिये.

"ही बाबांची सही," सुजाताताई म्हणाल्या. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि लगेच काढलं, डाग पडेल म्हणून. "त्यांना लिहायला कारखान्यात शिकवलं. तिथल्या मित्रांनी. मराठीच, पण तिथे शिकवलं."

थोड्या वेळाने त्यांनी चहा मागितला.

सोमवारी मी भाषांतर करायला घेतलं. हात चालत होता. शेऱ्यापाशी आले आणि विचारही न करता टाइप केलं: मुलीचा जन्म इंग्लंडमध्ये झाला. सही करायच्या आधी मजकूर ग्रेसकडे जातो. तिला मराठी येत नाही. तरी ती प्रत्येक ओळीला मूळ शब्द कुठला ते विचारते. कोर्टातली सवय.

"इथे इंग्लंडसाठी काय शब्द आहे?"

"विलायत."

"विलायत म्हणजे इंग्लंड?"

"बहुतेक वेळा."

ग्रेसने चष्मा काढला. "बहुतेक वेळा?"

"म्हणजे, त्या काळी विलायतेला गेला म्हटलं की इंग्लंडच. पण परदेशालाही म्हणतात. बाहेरून आलेल्या वस्तूलाही विलायती म्हणतात. विलायती चिंच म्हणून एक झाड आहे, शेंगा वेटोळ्या असतात, आत पांढरा गोड गर..."

"काळ्या बिया?"

"हो."

"ते तर आमचं ग्वामुचिल," ग्रेस म्हणाली. "माझ्या आईच्या गावी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. मेक्सिकोतलं झाड आहे ते. मग तुमची सुजाता मेक्सिकोत जन्मली का?"

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"मेघना, तू त्या बाईची केस लढवायला बसली नाहीस. शब्द लिही आणि खाली टीप दे."

मी 'विलायत' हा शब्द तसाच रोमन लिपीत ठेवला. खाली भाषांतरकाराची टीप दिली: मराठीत हा शब्द सामान्यतः इंग्लंड किंवा ब्रिटनसाठी वापरला जातो, काही संदर्भांत कुठल्याही परदेशासाठीही वापरला जातो. दुसरी टीप नावाच्या क्रमाविषयी दिली: मराठीत आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. 'लहानू' लिहिलेलं कुठल्या शाईत आहे, 'गजभिये' कुठल्या शाईत आहे, तेही कंसात नोंदवलं. जन्मस्थळ: पिंपळखेडी.

संध्याकाळी सुजाताताई आणि तन्वी सही केलेल्या प्रती न्यायला आल्या. तन्वीने उभ्या उभ्याच वाचलं.

"मावशी, व्हाय वुड यू डू दिस? आधीच ते डाउट घेतायत. 'काही संदर्भांत कुठल्याही परदेशासाठी' हे लिहायची काय गरज होती?"

"कारण ते खरं आहे."

"पण इथे ते इंग्लंडच आहे! यू नो दॅट."

"मला माहीत आहे. कागदाला माहीत नाही."

 सुजाताताई प्रती हातात घेऊन टिपेकडे बघत होत्या. "असं काऊन केलंस गं," त्या शेवटी म्हणाल्या. रागाने नाही. दमलेल्या आवाजात. "एक शब्द होता. तू आपल्यातलीच आहेस म्हणून मी तुझ्याकडे आले."

 मी म्हटलं, "ताई, मी कुणाची तरी आहे असं त्यांना वाटलं, तर माझ्या सहीला काही किंमत राहत नाही. मग या लाल शाईवरही ते विश्वास ठेवणार नाहीत."

त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की काय, ते कळलं नाही. जाताना त्यांनी नेहमीसारखा निरोप घेतला नाही.

मी त्यांना एकच सुचवलं होतं, की सोबत स्वतःचं एक पत्र जोडा. काय घडलं ते साध्या शब्दांत लिहा. ते काम भाषांतरकाराचं नाही, अर्जदाराचं आहे. अर्जदाराला आपली बाजू मांडायचा पूर्ण हक्क असतो. त्यांनी ते पत्र लिहिलं. तन्वीने टाइप केलं. सगळं मुदतीच्या चार दिवस आधी गेलं.

त्यानंतर बरेच दिवस काही नाही. मधल्या काळात हॉस्पिटलला बेड रिकामा करायचा होता, म्हणून विमलताईंना तात्पुरतं केअर होममध्ये हलवलं. हे मला तन्वीच्या मेसेजवरून कळलं. सुजाताताईंचा फोन नव्हता. मीही केला नाही. काय विचारणार? एरवी काम दिलं की मी केस विसरते, नाहीतर या धंद्यात झोप लागणार नाही. ही केस विसरत नव्हती. आपण नको तितकं काटेकोर झालो का, असं भाजी चिरताना मनात यायचं.

मग एका गुरुवारी दुपारी सुजाताताई ऑफिसमध्ये आल्या. लॅबच्या कपड्यांतच. खुर्चीत बसल्या आणि एकदम सुरू झाल्या.

"इंटरव्ह्यू झाला. सकाळी. व्हिडिओवर."

पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या मोठ्या माणसाला असं मुलाखतीला बोलावू शकतात. तुम्ही म्हणता ती व्यक्ती तुम्हीच आहात का, हे बघायला.

"कोण होतं?"

"एक बाई होती. माझ्याच वयाची असेल. आईचं नाव विचारलं, माहेरचं नाव विचारलं. बाबा काय करायचे. इथे किती वर्षं आहे. घरात कोण कोण राहतं. मग म्हणाली, तुमच्या शाळेच्या कागदात जन्मस्थळ वेगळं का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, मॅडम, त्या फॉर्मवर गाव, तालुका आणि जिल्हा एवढंच होतं. आमच्या हेडमास्तरांनी वुल्व्हरहॅम्प्टनचा तालुका कुठला लिहायचा?"

मी हसले. त्याही हसल्या, पण लगेच थांबल्या.

"मग ती तुझ्या टिपेवर आली. म्हणाली, तुमची भाषांतरकार लिहिते की या शब्दाचा अर्थ दुसरा देशही होऊ शकतो. मग मी इंग्लंड का समजू?"

 "मग?"

"मी म्हटलं, नका समजू. तुमच्याच रजिस्टरमध्ये लिहिलंय ना की लहानूची एक मुलगी सुजाता तुमच्याकडे जन्मली? जन्मतारीख लिहिलीय. आमच्या रजिस्टरमध्ये तीच तारीख, तेच लहानू, आणि म्हणतायत की ही बाहेर जन्मली, बाप कारखान्यात होता. दोन देशांतले दोन कारकून. एकमेकांना ओळखत नव्हते. त्यांनी काय ठरवून लिहिलं असेल का?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आठवडाभर बसूनही मला हे इतकं नीट मांडता आलं नसतं.

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. लिहून घेतलं. हसलीसुद्धा नाही." त्यांनी बाहीने कपाळ पुसलं. "मग म्हणाली, तुमच्या वडिलांनी आडनाव का घालून घेतलं? ते मला माहीत नव्हतं गं. मी म्हटलं, मला माहीत नाही. पण त्यांनी सही केलीय."

पासपोर्ट तीन आठवड्यांनी आला. तन्वीने फोटो पाठवला. सुजाता रामटेके, जन्मस्थळ वुल्व्हरहॅम्प्टन. फोटोत सुजाताताई नेहमीपेक्षा रागीट दिसत होत्या. पासपोर्टच्या फोटोत सगळेच दिसतात. त्याच महिन्यात लॅबमधून त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली, घर तन्वीच्या हवाली केलं आणि गेल्या. विमलताई पंधरवड्यात केअर होममधून घरी आल्या. त्यांचं इंग्रजी अजून आलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, येईल किंवा येणारही नाही. आता विमलताईंना त्याची फारशी गरज नाही. बाहेरच्या जगाशी सुजाताताई बोलतात.

आमच्या त्या टिपेने काम सोपं झालं की अवघड, हे मला कधीच कळणार नाही. मंजूर झालेल्या पासपोर्टसोबत कारणं लिहून येत नाहीत. ग्रेसला विचारलं तर ती म्हणाली, "केस मंजूर झाली म्हणून आपलं बरोबर होतं, असं नसतं. नामंजूर झाली असती तरी टीप तीच राहिली असती."

एक सवय मात्र मी लावून घेतली आहे. नवीन माणूस कागदांची फाइल घेऊन समोर बसला की मी ती फाइल आधी उघडतच नाही. विचारते, अडचणीचा वाटला म्हणून कुठला कागद तुम्ही घरी ठेवून आलात? माणूस थोडा चाचरतो. मग सांगतो. मी म्हणते, उद्या तो घेऊन या, आपण तिथूनच सुरुवात करू.